कुलूप लावलेली घरं आणि १२० तासांची ओजेटी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

ओजेटीसाठी, म्हणजे पदवीच्या अभ्यासक्रमातल्या प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी (ऑन-द-जॉब ट्रेनिंग), जागा मिळत नाही म्हणून बीएस्सी-बीएच्या शेवटच्या वर्षाची पोरं दुकानोदुकानी फिरतायत, ही आपल्या दैनिकातली बातमी वाचली. बातमी खरी आहे, पण अर्धीच आहे. उरलेली अर्धी माझ्या पुतण्याच्या कपाटात सापडेल. एका मेडिकल दुकानाचा शिक्का मारलेलं, १२० तास 'समाधानकारक' काम केल्याचं प्रमाणपत्र तिथं प्लास्टिकच्या फोल्डरात ठेवलंय. पठ्ठ्या त्या दुकानात दोनदाच गेला. एकदा कोरा फॉर्म द्यायला, एकदा भरलेला आणायला. चार क्रेडिट, क्रेडिटला तीस तास, असा हिशेब आहे. हिशेब जुळला, मार्कही पडले. स्वायत्त कॉलेजांतून हे आधी सुरू झालं, आता बाकीच्यांची पाळी आहे, म्हणजे शिक्के आणखी लागणार.

जागाच नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी माझं थोडं ऐकावं. मी अधूनमधून ज्या खोलीत जाऊन बसतो तिथं कामाला माणूस मिळत नाही, ही रड कायमची आहे.

मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर मराठवाड्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयानं मला त्यांच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाचे आराखडे तपासून मंजुरी देणाऱ्या समितीवर घेतलं, तेही 'लेपर्सन' म्हणून. म्हणजे ज्याला वैद्यकातलं काही कळत नाही असा माणूस. ही पात्रता माझ्याकडे भरपूर होती. औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ साली जे नियम आले त्यांत अशा कमिटीवर किमान सात जण लागतात, त्यातले निदान अर्धे संस्थेबाहेरचे. एक बाई हवी, एक कायद्याचा जाणकार हवा, आणि कोरमला आमच्यासारखा सामान्य माणूस हजर असावाच लागतो. घरी माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही. तिथं मला ताप आला तर नियमानं अडतं.

बैठकीच्या आठ दिवस आधी जाडजूड लखोटा येतो. संशोधनाचा आराखडा इंग्रजीत असतो, रुग्णाचं संमतिपत्र मराठीत. इंग्रजी मी डिक्शनरी घेऊन वाचतो, बऱ्यापैकी समजतं. मराठी समजत नाही. "आपणांस यादृच्छिक पद्धतीने कोणत्याही एका गटात समाविष्ट करण्यात येईल." "आपण कोणत्याही पूर्वग्रहाविना अभ्यासातून माघार घेऊ शकता." "प्रतिकूल घटना उद्भवल्यास अन्वेषकास अवगत करावे." कोणता अभ्यास ते सांगत नाही, गोपनीयतेच्या कागदावर सही केलेली आहे. पण असली वाक्यं कमीअधिक फरकानं प्रत्येक लखोट्यात निघतात. कुणीतरी इंग्रजी मजकूर डीटीपीवाल्याकडे टाकतो, हल्ली संगणकाकडे टाकतो, आणि पालम-परंड्याकडून आलेल्या बाईपुढं ते छापून ठेवतात. तिला वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवून अंगठा घ्यायचा, असा नियम आहे. नियम चांगला आहे. पण वाचून तरी काय दाखवणार?

त्या 'यादृच्छिक'वर एकदा आमची अर्धा तास चर्चा झाली. शेवटी मी म्हणालो, गावात चिठ्ठी टाकतात तसं ना? कुणाला कोणतं औषध मिळायचं ते चिठ्ठीवर ठरणार, डॉक्टरच्या हातात नाही आणि तुमच्याही हातात नाही. डॉक्टरमंडळी हसली, पण लिहून घेतलं. हे शब्दांचं सोवळं नाही हो. चिठ्ठीची गोष्ट कळली नाही तर ती बाई असं धरून चालते की, मोठ्या डॉक्टरसाहेबांनी माझं दुखणं बघून माझ्यासाठी हेच औषध निवडलं. तिनं अंगठा दिला तो या समजुतीवर दिला. चाचणीत नेमकं तसं नसतं.

आता त्या मुलीची गोष्ट सांगतो. तिची आई माझी विद्यार्थिनी. सातवीनंतर शाळा सुटली, लग्न झालं, पुढं सहा-सात हंगाम नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली. लेक बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला, विषय मायक्रोबायोलॉजी. तालुक्याच्या एका लॅबनं ओजेटीला ठेवून घेतलं, पण तिथं तिला पावत्या फाडायला बसवलं. आई माझ्याकडे आली. मी कमिटीच्या ओळखीनं पीएसएमच्या एका डॉक्टरांना विचारलं. (पीएसएम म्हणजे प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन, समाजाच्या आरोग्याचं बघणारा विभाग. त्याचं नाव आता कम्युनिटी मेडिसिन आहे, पण तिथं शिपायापासून प्राध्यापकांपर्यंत सगळे पीएसएमच म्हणतात.) ते म्हणाले, "इंटर्न? सर, आमच्याकडे इंटर्न म्हणजे एमबीबीएस झाल्यावर वर्षभर राबतो तो. बीएस्सीच्या मुलीचं इथं काय काम?" मी म्हणालो, मला काय माहीत, मी लेपर्सन. पण तुम्हीच मागच्या बैठकीत म्हणालात की सर्वे रखडलाय.

पहिले आठ-दहा दिवस तिनं नुसत्या फायली लावल्या. घरी जाऊन रडली असं आईनं सांगितलं. मला त्यात रडण्यासारखं काही दिसलं नाही. संशोधनातलं निम्मं काम फायलीचंच असतं, आणि ती तिथं जे शिकली ते मला नोकरी संपेपर्यंत जमलं नव्हतं. चुकलेला आकडा खोडायचा नाही, व्हाइटनर लावायचा नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचा चुकीचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, आपली सही आणि तारीख. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, हे दहा वर्षांनी आलेल्या परक्या माणसालाही कळलं पाहिजे. रक्तदाब घेतला त्याच क्षणी लिहायचा, संध्याकाळी आठवून नाही. आमच्या वेळी शाळातपासणीच्या आदल्या रात्री हजेरीपट कसे लिहून काढत ते आठवलं आणि मी गप्प बसलो.

मग तिला गावात नेलं. बायकांच्या रक्तक्षयाचा सर्वे होता. प्रश्नावलीत प्रश्न होता, 'मासिक पाळीत अतिरक्तस्राव होतो का?' सगळ्याजणी नाही म्हणायच्या. मुलगी डॉक्टरांना म्हणाली, "सर, असं विचारल्यावर कोण हो म्हणेल? दिवसाला किती कपडे बदलावे लागतात ते विचारा." तसं विचारल्यावर बायका बोटं मोजायला लागल्या. पुढचा प्रश्न होता, 'गर्भाशयाची शस्त्रक्रिया झाली आहे का?' त्यालाही नाही. तिनं विचारलं, "मावशी, पिशवी काढली का?" तर चाळिशीच्या आतल्या बाया सहज सांगत होत्या, हो, तीन वर्षं झाली, चार वर्षं झाली. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचा प्रश्न २०१९ साली गाजला, सरकारनं समिती नेमली, त्या प्रश्नाची ही भाषा. अंगावरून जाणं, पांढरं जाणं, पिशवी. पुण्या-मुंबईहून आलेल्या हुशार पोराला हे शब्द शिकायला महिना लागतो आणि तरी बायका त्याच्यासमोर बोलत नाहीत.

खरी गंमत कुलपांची झाली. फेब्रुवारीचा महिना होता. यादीतल्या बऱ्याच घरांना कुलूप. टीमनं नियमाप्रमाणं तीनदा चकरा मारल्या, 'घर बंद' लिहिलं आणि शेजारचं घर घेतलं. संध्याकाळी जीपमध्ये ही मुलगी म्हणाली, "सर, ही घरं बंद नाहीत. ही माणसं कारखान्यावर गेलीत. दिवाळीच्या आसपास जातात, गुढीपाडव्यानंतर यायला लागतात." डॉक्टर नंतर मला म्हणाले की, जीपमध्ये मिनिटभर कुणी बोललं नाही. ज्यांच्या अंगात रक्त कमी असण्याची सगळ्यात जास्त शक्यता, जी बाई पहाटे चारला उठून मोळ्या बांधते, गाडी भरते, तीच नेमकी यादीतून गळत होती. तिच्या जागी मोजलं जात होतं ते जमीन असलेलं, घरी राहिलेलं शेजारचं घर. आकडे चांगलेच आले असते. अहवालात लिहिलं असतं, परिस्थिती सुधारतेय. पुढं कमिटीकडे बदल मंजुरीला आला, सर्वेचा दुसरा टप्पा एप्रिल-मेमध्ये घेतला. टीममध्ये एमडी झालेले दोघे होते. कुलपाचा अर्थ बीएस्सीच्या पोरीला कळला, कारण लहानपणी तिच्याही घराला तसंच कुलूप असायचं आणि ती आजीकडे राहायची.

हे वाचून एखाद्या प्राचार्यांनी लगेच तीस-चाळीस पोरं भरून दवाखान्यात पाठवू नयेत, म्हणून दुसरी बाजूही लिहितो. मी पाहिलेलं सगळंच गोड नाही.

पोरगी पहिल्या दिवशी कॉलेजातला प्रॅक्टिकलचा पांढरा अ‍ॅप्रन घालून आली. वॉर्डातल्या बायका तिला डॉक्टरीणबाई म्हणायला लागल्या. तिला बरं वाटलं असणार, वीस वर्षांची पोर. पण पांढऱ्या अ‍ॅप्रनला नाही म्हणायची आपल्याकडे कुणाची छाती नाही. अ‍ॅप्रन समोर येऊन "या अभ्यासात भाग घ्याल का" म्हणाला की तो प्रश्न राहत नाही, तो हुकूम होतो. मी बैठकीत हट्ट धरला, या मुलांना अ‍ॅप्रन नको. साधा ड्रेस, गळ्यात 'विद्यार्थी' असं मोठ्या मराठी अक्षरात लिहिलेलं कार्ड. आणि संमती घ्यायची ती जबाबदार डॉक्टरनं किंवा नेमलेल्या माणसानं. विद्यार्थ्यानं बाजूला बसून ऐकावं, शब्द अडला तर सांगावा, बस.

दुसरं, भाषा आपली, गाव आपलं, हाच धोका. पुढं आलेल्या एका मुलाला रजिस्टरमध्ये स्वतःच्या गल्लीतलं नाव दिसलं. कसलं रजिस्टर ते लिहीत नाही. पोरगा चांगला होता, येऊन डॉक्टरांना सांगितलं आणि ते काम सोडलं. सगळे तसे नसतात. एकानं वॉर्डातला सेल्फी स्टेटसला ठेवला, मागं खाटेवरचा म्हातारा स्पष्ट दिसत होता. तासाभरात काढायला लावला, पण तासाभरात शंभर जणांनी पाहिला. एचआयव्हीबाधितांची माहिती बाहेर फुटू नये म्हणून २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, पण गावात सोयरीक मोडायला कायद्याची वाट कुणी बघत नाही. म्हणून पोराला त्याच्या स्वतःच्या तालुक्याच्या कामावर ठेवू नये. भूमचा असेल तर कळंबला पाठवा. बोली तीच राहते, गल्ली बदलते.

आता कुणी म्हणेल, मास्तर, मराठवाड्यात कसलं आलंय संशोधन, ते पुण्या-मुंबईला चालतं. परवाच एका ओळखीच्यानं पोराला क्लिनिकल रिसर्चच्या कोर्सला पुण्याला साठ हजार भरून घातलं. सहा महिने पीपीटी पाहिल्या, पेशंट एकही पाहिला नाही. त्याला मी जे सांगितलं तेच इथं सांगतो.

१९८७ पासून बार्शीच्या दवाखान्यातून देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते. बार्शी सोलापुरात, पण तिच्या हद्दीत भूम आणि परंडा हे आपले तालुके आहेत. खेड्यातल्या माणसाला कोणता कॅन्सर होतो, हे देशाला त्या नोंदींतून कळायला लागलं. आणि १९९९-२००० च्या सुमारास तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात होत्या. गावांचे ५२ गट केले, चिठ्ठीच्याच पद्धतीनं चार भागांत वाटले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,००० हून अधिक बायका. एका भागात एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची चाचणी, एकात पॅपची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची, एकात अ‍ॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, चौथ्यात नेहमीचीच आरोग्यसेवा. आठ वर्षं मागोवा घेतला. एचपीव्हीची चाचणी आयुष्यात एकदा केलेल्या भागात या कॅन्सरचे मृत्यू चौथ्या भागाच्या जवळपास निम्मे निघाले. २००९ साली हे 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आलं. गर्भाशयमुखाच्या तपासणीची चर्चा आज जगात कुठंही निघाली तरी या आकड्यांचा हवाला निघतो. चौथ्या भागातल्या बायकांना तपासणीच नव्हती, यावर पुढं कडक टीकाही झाली. आजच्या आमच्या कमिटीसमोर तो आराखडा आला असता तर त्या मुद्द्यावर मी हात वर केला असता.

मी तेव्हा त्याच जिल्ह्यात शिक्षक होतो. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात बायकांची बैठक भरली होती. आमच्या सौ. पहिल्यांदा जायला तयार नव्हत्या. धडधाकट बाईनं तपासायला कशाला जायचं, दुखणं आल्यावर बघू. बोलावायला आलेली आरोग्य कार्यकर्ती आमच्याच भागातली, फार शिकलेली नसावी. ती उंबऱ्यात बसून म्हणाली, "काकू, ज्वारीच्या पोत्याबाहेर सोंडा दिसला म्हणजे आत किती गेलेली असती? म्हणून तर आपण मधी-मधी पोत्यात हात घालून बघतो." सौ. चप्पल घालून निघाल्या. स्क्रीनिंग म्हणजे काय हे मला नंतर कमिटीत मोठमोठ्या लोकांनी पडद्यावर चित्रं दाखवून समजावलं. पोत्याइतकं कुणाचं पोचलं नाही.

असं बोलणारी माणसं आपल्या कॉलेजांत बाकावर बसलेली आहेत. नुसती बीएस्सीची नाहीत. बीएला समाजशास्त्र घेतलेलं पोरगं बायकांशी, म्हाताऱ्यांशी तास-तास बोलू शकतं. मराठी घेतलेलं पोरगं संमतिपत्र माणसात आणू शकतं. संख्याशास्त्रवालं आकडे तपासू शकतं. एमबीबीएस आणि बीडीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) योजना १९७९ पासून आहे, दोन महिन्यांचं संशोधन आणि वर विद्यावेतन. तिनं कित्येक डॉक्टरांना संशोधनाची पहिली चव दिली. साध्या पदवीच्या पोरांना असं घरचं दार नाही. त्या मुलीनं वीस दिवस एसटीनं ये-जा केली. बायकांचं अर्धं तिकीट असूनही रोजचे चौसष्ट रुपये, म्हणजे १,२८० झाले. जेवण डब्याचं. जाण्यायेण्याचे पैसे संशोधनाच्या बजेटमधून निघायला काय हरकत आहे? चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाला येण्याजाण्याचा खर्च देतातच की.

माझं म्हणणं एवढंच आहे. कॉलेजच्या ओजेटी समन्वयकांनी शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीलाच, जानेवारीत धावाधाव न करता, जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम विभागाला लेखी विचारावं. मिळाली तर दोन-तीनच जागा मिळतील, मिळू द्या. एका डॉक्टरच्या मागं दोनापेक्षा जास्त पोरं नकोत, नाहीतर ती कॅन्टीनमध्येच बसतात. गोपनीयतेचा धडा पहिल्या दिवशी, कार्ड गळ्यात, फोन बॅगेत. आणि विभागप्रमुखांनी शेवटी प्रमाणपत्रावर 'समाधानकारक' न लिहिता पोरानं काय केलं ते दोन ओळीत लिहावं. त्या मुलीच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलंय, 'स्थलांतरित घरांची नोंद हिच्या सूचनेवरून बदलली.' त्या एका ओळीवर मुलाखतीत तिला अर्धा तास प्रश्न विचारले म्हणे. ती आता एका प्रकल्पावर डेटा एंट्रीला लागली आहे. पगार फार नाही. आई अजून विचारते, हे नोकरीचं काम आहे की शिकण्याचं.

सध्या माझ्याकडे दोघांचे अर्ज पडून आहेत. एक मुलगा, बीए, समाजशास्त्र, आई आशा कार्यकर्ती. एक मुलगी, बीएस्सी, संख्याशास्त्र, कळंबकडची, म्हणून तिला तो तालुका सोडून कुठंही चालेल. दोघांचं सहावं सत्र जानेवारीत सुरू होतं. कुण्या विभागाला जागा असेल तर त्यांनी आपल्या कार्यालयात कळवावं, निरोप माझ्यापर्यंत पोचवण्याची तसदी आपण घ्यावी ही विनंती. मेडिकल दुकानवाल्यांनी कृपया कळवू नये.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक,
जि. धाराशिव